टोळीची आन आणि पलटणीची हजेरी

धुक्यातला घाट (धागाकर्ता)

रहस्यभेद भरपूर आहेत. ज्यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ किंवा ‘व्हील ऑफ टाइम’ वाचायची राहिली आहेत त्यांनी इथूनच परत फिरावं, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

गेल्या महिन्यात तापानं आठवडाभर झोपवलं, तेव्हा ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ची, म्हणजे मार्टिनची ती जाडजूड पुस्तकं पुन्हा काढली. त्यात जोराह मॉर्मंट हा सरदार परागंदा राजकन्या डॅनेरिसला क्वोहोर शहराची एक जुनी गोष्ट सांगतो. पहिल्या वाचनात नुसता थरार वाटला होता. या खेपेला तिथंच अडकून पडलो.

गोष्ट अशी. खाल टेम्मो नावाचा डोथ्राकी सरदार आपली घोडेस्वारांची टोळी घेऊन क्वोहोरवर चालून येतो. पहिल्याच दिवशी शहराचं घोडदळ मोडतं, भाड्यानं आणलेल्या दोन पलटणी पळ काढतात. अंधार पडला म्हणून डोथ्राकी शहर उद्यावर टाकतात आणि खाण्यापिण्याला बसतात. सकाळी बघतात तर वेशीसमोर तीन हजार अनसलीड भालाईत रांगेत उभे, रात्रीतून येऊन पोचलेले. डोथ्राकींना बाजूनं वळसा घालता आला असता, लांबून बाण मारत बसता आलं असतं. पण पायी लढणारा माणूस म्हणजे टापांखाली तुडवायची वस्तू, ही त्यांची ठाम समजूत. अठरा वेळा सरळ अंगावर गेले. बारा हजार मेले. टेम्मो मेला, त्याची मुलं मेली. अनसलीडांपैकी सहाशे उभे राहिले.

मला धरून ठेवलं ते त्याच्या पुढच्या प्रसंगानं. चौथ्या दिवशी सकाळी उरलेले डोथ्राकी वेशीसमोरून संथ चालीत जातात आणि एकेक जण आपली वेणी कापून त्या सहाशे जणांच्या पायाशी टाकतो. डोथ्राकीची वेणी म्हणजे त्याच्या आयुष्याची जमाखर्चाची वही. जिंकला की तिच्यात घुंगरू वाढवायचं, हरला की वेणीच कापायची. लांब वेणीचा माणूस कधी हरलेला नाही हे त्याला न ओळखणाऱ्यालाही लांबूनच कळतं.

आता समोर कोण उभं आहे बघा. अनसलीड म्हणजे अस्टापोरच्या बाजारात विकत मिळणारे गुलाम, लहानपणीच खच्ची केलेले. त्यांना स्वतःचं नावसुद्धा नसतं. रोज सकाळी एक चकती उचलायची, तिच्यावर लिहिलेलं किड्यामुंगीचं नाव त्या दिवसापुरतं आपलं, संध्याकाळी चकती परत टाकायची. ज्यांचं सगळं जगणं नावासाठी, त्यांनी आपली नावं ज्यांना नावच नाही अशांच्या पायाशी टाकली! त्या सहाशेंना त्या केसांचं काय वाटलं असेल, हे मार्टिन सांगत नाही. पण तेव्हापासून क्वोहोरचे पहारेकरी अनसलीडच असतात आणि त्यांच्या भाल्याला केसांची वेणी बांधलेली असते.

फॅन्टसीत टोळीवाला दिसला की आन, शपथ, रक्ताचा बदला. शिपाई दिसला की हुकूम, पगार, रांग. दोन साचे ठरून गेलेत. मला वाटतं आन दोघांनाही असते. टोळीची आन साक्षीदारांवर चालते आणि पलटणीची हजेरीपटावर, एवढाच काय तो फरक. टोळीवाल्याला कुणीतरी बघायला लागतं. शत्रू असला तरी चालतो, किंबहुना शत्रूच लागतो. शिपाई कुणी बघत नसतानाही वहीत चढलेला असतो.

मंडळींचं काय म्हणणं?

बारक्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन आले की उठवा.

पानवाचक

धागा आवडला, पण उदाहरणातच एक गोची आहे. अनसलीड पगारी कुठे आहेत? त्या गोष्टीतले पगारी म्हणजे पळून गेलेल्या दोन पलटणी, ब्राइट बॅनर्स आणि सेकंड सन्स. म्हणजे तुमच्या तराजूत एका पारड्यात टोळी आणि दुसऱ्यात गुलाम आहेत. व्यावसायिक शिपाई पहिल्याच दिवशी तराजूतून उतरून घरी गेला.

आणि तो का गेला, ते बघण्यासारखं आहे. भाडोत्री सैनिकाचीही आन असते, पण ती कराराच्या कागदाएवढीच लांब. ग्लेन कुकची ‘ब्लॅक कंपनी’ (१९८४) वाचली असेल तर आठवा. तिथं भाडोत्री सैनिकांची ही कंपनी एका शहराच्या सिंडिककडे, म्हणजे तिथल्या सत्ताधाऱ्याकडे, चाकरीला असते. दुसरीकडून चांगली मागणी येते. करार मोडायचा नाही हे तर कंपनीचं ब्रीद. मग काय करायचं? मालक मेला तर करार आपोआप सुटतो. तेव्हा मालकाला मारायला येणाऱ्या श्वापदाच्या आड कंपनी येत नाही, एवढंच. शब्द पाळला आणि माणूस मेला! मला ही वकिली बुद्धीची आन कुठल्याही रक्ताच्या शपथेपेक्षा जास्त खरी वाटते. शिवाय तुमचा हजेरीपटही तिथं आहे. गोष्ट सांगणारा क्रोकर हा कंपनीचा वैद्य आणि बखरकार. ती माणसं देवाला मानत नसतील, पण बखर ओली होऊ देत नाहीत.

टोळीवाले वकिली करत नाहीत असं मात्र समजू नका. डोथ्राकींच्या पवित्र शहरात शस्त्र काढायला आणि रक्त सांडायला बंदी आहे. डॅनेरिसच्या भावाला, व्हिसेरिसला मारायचा तर आहे. मग वितळलेल्या सोन्याचा मुकुट डोक्यावर ओततात. रक्ताचा थेंब सांडला नाही, नियम शाबूत. हे मार्टिननं हवेतून आणलेलं नाही. राजरक्त जमिनीवर सांडू नये अशी मंगोलांची रीत होती. १२५८ मध्ये बगदाद पडलं तेव्हा खलिफाला गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं, असं सांगतात.

मंगोलांचा विषय निघालाच आहे म्हणून. बाण सोडून भाल्यांवर अठरा वेळा धडका मारणारे गवताळ मुलखातले घोडेस्वार मला पटत नाहीत. चंगीझखानानं १२०६ नंतर टोळ्या फोडून माणसं दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्यांत वाटली. भाऊ एका तुकडीत, मेव्हणा दुसऱ्या. दहातला एक पळाला तर दहाही मेले. ज्यांच्यावरून डोथ्राकी बेतले त्यांनीच टोळी मोडून हजेरीपट बनवला होता.

धुक्यातला घाट

पगाराचा मुद्दा मान्य, चूक माझी. सिंडिकची आठवण काढलीत ते फार बरं केलंत.

चिंचोके

आयेल लोकांना कुणी हात लावायच्या आत मी लावते. 🙂

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’मधल्या या वाळवंटी टोळ्यांची जी-ए-तोह नावाची रीत आहे, मान आणि देणं. यातला ‘देणं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण इथं मान म्हणजे सरळ सरळ खातेवही आहे. हातात शस्त्र असलेल्या शत्रूला इजा न करता नुसता स्पर्श करून सुटलात, तर सगळ्यांत जास्त मान. मारून टाकण्यात सगळ्यांत कमी. कारण मारणं कुणालाही जमतं. असा पकडला गेलेला माणूस एक वर्ष आणि एक दिवस पांढरे कपडे घालून समोरच्याची चाकरी करतो आणि तेवढा काळ शस्त्राला शिवत नाही. त्याला गाईशाईन म्हणतात. पहारा नाही, साखळी नाही. पळून गेलाच तर त्याचे स्वतःचेच लोक त्याला परत आणून सोडतील.

हे वाचताना आपण म्हणतो, वा काय उदात्त! मग यादी बघा, कुणाला गाईशाईन करता येत नाही. लहान मुलं, गरोदर बाई, दहा वर्षांखालचं मूल असलेली आई, जाणत्या बाया आणि लोहार. लोहार का? वाळवंटात तो एकटाच भाल्याचं पातं घडवतो आणि उद्या तुमचंही घडवणार आहे. सगळ्या टोळ्या एकमेकींना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, आज लुटलं तरी पुढच्या साली पाण्यावर भेट होणारच. तेव्हा ही रीत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी भांडायची आहे. परक्याशी लढायची नाही.

म्हणूनच ती मोडते कुठे तर परक्यांशी गाठ पडल्यावर. सेवाना नावाच्या बाईच्या हाताखालचे शायडो टोळीचे आयेल वाळवंटाबाहेरच्या माणसांना पांढरे कपडे चढवतात, ज्यांना ही रीत माहीतच नाही. आणि वर्ष संपलं तरी सोडत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसत नाही. तेच कपडे, तीच कामं. पण आता ती गुलामगिरी आहे, कारण समोरच्यानं आपल्या मनानं मान खाली घातलेली नाही.

अजून एक, मग थांबते. लामन नावाच्या राजानं आयेलांनी भेट दिलेलं झाड तोडलं, तर चार टोळ्या डोंगर ओलांडून आल्या, वाटेतली शहरं जाळली, लामनला मारलं आणि घरी निघून गेल्या. समोरच्या सगळ्या राज्यांच्या फौजा गोंधळून बघत राहिल्या, की राजधानी हातात असताना परत का गेले? त्यांना मुलूख नकोच होता, देणं फेडून घ्यायचं होतं. ते झाड त्यांनी का दिलं होतं? कधीकाळी त्या लोकांच्या पूर्वजांनी तहानलेल्या आयेलांना पाणी भरू दिलं होतं म्हणून.

हे सगळं लिहिणारा माणूस स्वतः व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर मशीनगन चालवायचा.

बारक्या

पाण्यावरून युद्ध म्हणजे आमची सोसायटी.

लंगरगप्पा

नमस्कार. मी हे फॅन्टसी वगैरे वाचत नाही, नातू वाचतो. त्यानं हा धागा दाखवला. २८ वर्षं पायदळात काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द.

धागाकर्त्यांनी हजेरीपट म्हटलं ते बरोबर, पण हजेरी घेतं कोण ते सांगितलं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून तीन शब्द कानावर पडतात. नाम, नमक, निशान. नाम म्हणजे तुमचं नाही, पलटणीचं. नमक म्हणजे ज्याचं खाल्लं त्याच्याशी इमान. निशान म्हणजे झेंडा. कसम परेडला झेंड्यासमोर शपथ होते, तिथं आई-बाप येतात आणि पोराकडे असं बघतात की जणू दुसऱ्या घरी दिला.

आमच्या कंपनीत एक पोरगा होता, चढावर मागे पडायचा. मी त्याला एकट्याला कधी शिक्षा केली नाही. तो मागे पडला की सगळ्या सेक्शनला पिट्ठू, म्हणजे पाठीवर पूर्ण वजन बांधून धावायचं. त्याला कुणी काही बोललं नाही. रात्री लंगरमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही, एवढंच. आठ दिवसांत पोरगा सगळ्यांच्या पुढे. आता सांगा, ही हजेरी की साक्ष?

पलटण म्हणजे सरकारनं बसवलेली टोळी असते. मंदिर परेड, बडाखाना, रेझिंग डे, आमची घोषणा, पलटणीत शिकलेली गाणी, हे सगळं गावाकडे आपोआप असतं, इथं मुद्दाम लावलेलं आहे. इंग्रजांना ते कळलं होतं म्हणून त्यांनी जात, मुलूख बघून पलटणी बांधल्या. त्यात त्यांची ‘लढाऊ जमाती’ ही खोटी विद्या होती, तो भाग वेगळा. पण अनोळखी माणसांतून टोळी शिवायची सुई त्यांच्या हाती लागली होती, हे खरं.

ज्या सैनिकांना रोज नवं नाव देतात असं वर लिहिलं आहे, ते माझ्या मते उभे राहणार नाहीत. भीतीनं माणूस रांगेत राहतो, पण रांगेतला शेजारी पडल्यावर त्याची जागा भरायला पुढे येत नाही. लेखकाला माहीत असेल कसं ते. मला नाही पटलं.

चिंचोके

लंगरगप्पाकाका, तुम्ही न वाचताच मार्टिनला पकडलंत. पुढे डॅनेरिस अनसलीडांना मुक्त करते आणि सांगते की आता हवं ते नाव घ्या. त्यांचा पुढारी ग्रे वर्म हेच नाव ठेवतो. म्हणजे करडा किडा. कारण ज्या दिवशी सुटका झाली त्या दिवशी चकतीवर हे नाव निघालं होतं, ते शुभ. म्हणजे त्यालाही शेवटी नाव लागलंच.

लंगरगप्पा

मग ठीक आहे.

सातपुड्याकाठी

चर्चा चांगली चालली आहे, पण एक शब्द खटकतोय आणि तो न बोलता पुढे जाणं मला जमणार नाही. ‘टोळी’. पोलिसांच्या डायरीतही टोळी आणि फॅन्टसीतही टोळी. तिकडच्या लेखकांनी एक साचा पाडला आहे की डोंगरात राहणारा माणूस मानी, रागीट, शब्दाचा पक्का आणि जरा मंद. आपण तो साचा मराठीत आणला की आपसूक आमच्यासारख्यांच्या अंगावर बसतो. मी भिल्ल आहे. माझ्या आजोबांना शब्दाचे पक्के म्हणणारे लोकच त्यांना सातबारा दाखवत नसत.

आणि टोळी विरुद्ध शिपाई हा फरक आमच्याकडे एकाच घरात राहिला आहे. १८२५ मध्ये जेम्स आउटरामनं खानदेशात भिल्ल कोअर उभी केली, धरणगावला. डोंगरात ज्यांचा पाठलाग चालला होता त्यांच्यातूनच माणसं घेतली, कपडे दिले, कवायत शिकवली आणि त्याच डोंगरांत बंदोबस्ताला पाठवली. खाज्या नाईक सेंधवा घाटाच्या राखणीला इंग्रजांच्याच चाकरीत होता. तोच पुढे १८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावर उलटला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. तो शिपाई कधी होता आणि नाईक कधी होता? कुठल्या दिवशी चकती बदलली?

दुसरी गोष्ट, आन कुणाची हे बघणाऱ्यावरही अवलंबून असतं. जानेवारी १८७९ मध्ये इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांची फौज कापून काढली. नंतर इंग्रजांना आपल्या मेलेल्यांची पोटं चिरलेली दिसली. रानटीपणा म्हणून केवढा गहजब झाला. झुलूंच्या रीतीत ते मेलेल्याचा आत्मा मोकळा करणं होतं. तसं केलं नाही तर मारणाऱ्यालाच बाधा होते अशी समजूत, आणि मारणाऱ्याला शुद्धी केल्याशिवाय घरी नीट राहताही येत नसे. आणि हो, ते झुलू वयोगटानुसार बांधलेल्या पलटणींतच लढत होते. टोळीतही पलटणी होत्या.

धुक्यातला घाट

सातपुड्याकाठी, शब्दाबद्दलचं म्हणणं मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही, पण तुमचा प्रतिसाद वाचल्याशिवाय कुणी धागा सोडू नये असं मनापासून वाटतं. ‘कुठल्या दिवशी चकती बदलली’ हे वाचून मी लॅपटॉप मिटून गच्चीत जाऊन आलो.

कावेबाज

तिकडचं काय घेऊन बसलात? युद्धाचे नियम आधी ठरवून मग लढाई करणारं महाभारत आपलं. रथीनं रथीशी, पायदळानं पायदळाशी. पळणाऱ्यावर, बेसावध असलेल्यावर वार नाही. सारथी, ओझी वाहणारे, ढोल-शंख वाजवणारे यांच्यावर शस्त्र नाही. फॅन्टसी लिहायची तर हे वापरा.

आणि व्यावसायिक सैन्याचं म्हणाल तर शिवाजी महाराजांनी लष्कराला लिहिलेलं पत्र, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही. विषय संपला.

तिखटमीठ

ठरवले होते खरे. पण भूरिश्रवाचा हात अर्जुनानं बाजूनं कापला, दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसली, आणि शेवटी अश्वत्थाम्यानं झोपलेल्यांना मारलं. नियम मोडण्याचीच गोष्ट आहे ती सगळी. मला तर घटोत्कच आठवतो. रानातला मुलगा, बापाच्या बोलावण्यावर आला, कर्णाची शक्ती स्वतःवर घेऊन मेला आणि तिकडे कृष्ण आनंदानं नाचला. कारण अर्जुन वाचला. टोळीवाल्याची आन कुणाच्या कामी येते याचं याहून कडू उदाहरण मला तरी माहीत नाही.

कावेबाज

महाभारताला फॅन्टसीच्या धाग्यात ओढू नका.

बारक्या

ओढलं कुणी?

संपादक मंडळ

महाभारत इतिहास की काव्य यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथं मूळ विषयावरच लिहावं.

पानवाचक

संपादकांचे आभार. एक दुरुस्ती मात्र इथंच हवी. भाजीच्या देठाचा उल्लेख आहे तो १६७६ च्या, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात. ते मुलकी अधिकाऱ्याला वसुलीबद्दल आणि रयतेच्या लागवडीबद्दल आहे. लष्कराला लिहिलेलं ते वेगळं, चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना. दोन्ही पत्रांची नेहमी सरमिसळ होते.

आणि ते चिपळूणचं पत्र या धाग्यावर खरोखर आणण्यासारखं आहे, कारण त्यात शौर्याचा एक शब्द नाही. सगळं पत्र दाणा, गवत आणि सरपणाचं. आत्ताच मन मानेल तसा दाणा आणि गवत उडवलंत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, भाकरी, भाजी ओढून आणाल आणि लोकांना वाटेल की याहून मोगल बरे. पुढे तर आणखी बारीक. रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील.

राजा उंदराचा विचार करतोय! मला पगारी शिपायाची आन इथं दिसते. टोळीच्या माणसाला शेजारच्या गावातून काय उचलायचं आणि काय नाही हे आईच्या दुधाबरोबर कळतं, कारण तिथं त्याची मावशी दिलेली असते. परमुलखातून आलेल्या शिपायाची तिथं मावशी नसते. मग ती लिहून द्यावी लागते.

चिंचोके

‘मावशी लिहून द्यावी लागते’ 😀 हे मी वहीत उतरवून घेतलं.

वर स्पर्श करण्याचा मान म्हटलं, तो जॉर्डननं कुठून उचलला ते उघड आहे. उत्तर अमेरिकेच्या मैदानी मुलखातल्या लाकोटा, शायेन, क्रो लोकांत जिवंत शत्रूला हातानं किंवा काठीनं स्पर्श करून सुटणं हा मोठा पराक्रम होता. क्रो लोकांत युद्धनायक व्हायला चार गोष्टी लागत. शत्रूला स्पर्श, त्याचं शस्त्र हिसकावणं, शत्रूचा घोडा पळवणं आणि चढाईचं नेतृत्व करून माणसं सुखरूप परत आणणं.

आता ऐका. जो मेडिसिन क्रो नावाचा क्रो माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता. गणवेश, रायफल, हुकूम सगळं रीतसर. जर्मनीत एका गल्लीत अचानक एक जर्मन शिपाई त्याच्यासमोर आला. यानं त्याची बंदूक उडवली, दोघांची झोंबाझोंबी झाली, याचे हात त्याच्या गळ्यावर होते आणि तो पोरगा ‘ममा’ म्हणाला. यानं सोडून दिलं. स्पर्श झाला, शस्त्र झालं. पुढे जर्मन एसएस अधिकाऱ्यांचे घोडे एका तबेल्यातून हाकलत नेले, पन्नासेक. चढाईचं नेतृत्वही करून झालं होतं. चारही अटी पुऱ्या झाल्या, पण त्या पुऱ्या करायच्या असं ठरवून तो गेलेला नव्हता. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांना लढाईचं सांगायला बसला तेव्हा त्यांनी मोजलं. २०१६ मध्ये वारला, १०२ वर्षांचा होऊन.

लंगरगप्पाकाका, हा शिपाई की टोळीवाला?

लंगरगप्पा

चांगला जवान. कैदी का नाही केला, हे मी विचारलं असतं.

धुक्यातला घाट

क्रो लोकांचंच आणखी एक, कारण मी ज्या नावापासून सुरुवात केली होती ते इथं येऊन भिडतं. ११ नोव्हेंबर १९२१ ला आर्लिंग्टनला अनाम सैनिकाला पुरलं. देशोदेशीचे सेनापती आले होते. तिथं क्रो लोकांचा प्रमुख प्लेंटी कूज आला आणि त्यानं आपला पिसांचा मुकुट आणि आपली ती पराक्रमाची काठी थडग्यावर ठेवली. ज्याच्या नावातच पराक्रमांची मोजदाद आहे अशा म्हाताऱ्यानं, ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही अशा पोराच्या थडग्यावर.

क्वोहोरच्या वेण्या मार्टिननं यावरून घेतल्या असं मी म्हणत नाही. पण मला आता तो प्रसंग याच्याशिवाय वाचता येणार नाही.

तिखटमीठ

माझी एक अडचण सोडवा. गेली तीन वर्षं मी मराठीत एक फॅन्टसी कादंबरी लिहितेय (हसू नका). डोंगरातल्या कुळातला एक पोरगा खालच्या राज्याच्या फौजेत भरती होतो. चांगला शिपाई होतो. मग स्वारीवर असताना एका गावाचं धान्याचं कोठार जाळायचा हुकूम येतो. हे तेच गाव, जिथं भरतीला जाताना तो एक रात्र जेवून झोपला होता. त्याच्या कुळाच्या रीतीप्रमाणे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या घराला आग लावली तर माणूस कुळातून गेला.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तो तलवार फेकून हुकूम मोडतो, मोठं भाषण करतो. वाचून मलाच लाज वाटली. दुसऱ्यांदा तो कोठार जाळतो आणि आयुष्यभर कुढतो. तेही शंभरदा झालेलं आहे. आता काय?

सातपुड्याकाठी

भाषण तर नकोच. आमच्याकडे कुणी भाषण करत नाही.

पानवाचक

हुकूम लेखी मागू दे त्याला. हजेरीपटाचा माणूस आहे ना तो आता, मग वहीच्या नियमानं खेळू दे. कारकून लेखी द्यायला नको म्हणेल, वरून विचारणा होईल, दोन दिवस जातील.

चिंचोके

आणि गावात त्याला ओळखणारी एक तरी व्यक्ती हवी. जिनं वाढलं होतं ती. नाहीतर त्याची आन त्याच्या डोक्यातच राहते, आणि डोक्यातल्या आनेला काय किंमत?

लंगरगप्पा

ताई, फौजेत हुकूम मोडत नाहीत. उशीर करतात. वाट चुकते. दारूगोळा भिजतो. पलिता विझतो. त्याचा सुभेदार जुना असेल तर त्याला हे सगळं कळत असतं आणि तो दुसरीकडे बघतो. पण एकदाच. दुसऱ्यांदा नाही बघत. तुमच्या गोष्टीत असा सुभेदार आहे का?

तिखटमीठ

नव्हता, आता आहे. सगळ्यांचे आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले.

हुकूम लेखी मागितला, मिळाला नाही. सुभेदारानं दुसरीकडे बघितलं. पोरगा रात्री कोठाराशी पहाऱ्याला बसतो. सकाळी कोठाराची एक बाजू जळालेली, तीन बाजू शाबूत. काय झालं ते मी वाचकाला दाखवतच नाही. कारकून वहीत लिहितो, ‘उंदरानं वात नेली.’ पानवाचक, तुमचं ऋण. वरच्यांना कोठार जळाल्याचं कळवता येतं, गावाला हिवाळा काढता येतो आणि पोराचं नाव दोन्हीकडे टिकतं, की दोन्हीकडून जातं, हे त्याचं त्यालाही माहीत नाही.

आता फक्त जिनं जेवू घातलं होतं ती म्हातारी राहिली. फौज गावातून निघते तेव्हा ती ओट्यावर उभी आहे. ती त्याच्यासमोर थुंकते की त्याच्या हातात ताकाचा पेला देते, इथं येऊन पेन अडलंय.

बारक्या

थुंकते.

सातपुड्याकाठी

ती काहीच करत नाही. आत निघून जाते, दार उघडं ठेवून.

लंगरगप्पा

ताक द्या. पण आंबट.